‘८+९’ : ताइवानमधल्या एका शिवीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताइवानला शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना, तिथल्या मालिका आणि रील्स पाहणाऱ्यांना हा आकडा कधी ना कधी दिसतोच. कुणाच्या तरी फोटोखाली कुणीतरी फक्त ‘८+९’ एवढंच लिहून जातं आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागते. त्यामागे काय आहे, ते इथे सविस्तर सांगितलं आहे.

‘८+९’ म्हणजे काय? हे काही गणित आहे का?

गणिताशी संबंध नाही. एका ठरावीक धाटणीच्या तरुण मुलांना हिणवायला ताइवानमध्ये हा शब्द वापरतात. शाळा अर्धवट सोडलेला, देवळाच्या मिरवणुकीत नाचणारा, स्कूटरचा आवाज गल्लीभर घुमवणारा, हातावर गोंदवून घेतलेला, तोंडात सुपारी आणि जरा काही झालं की अंगावर धावून जाणारा मुलगा, असं एक चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. त्या चित्रात बसणारा, किंवा बसतोय असं बघणाऱ्याला वाटणारा, कुणीही ‘८+९’ ठरतो. ज्याला हे म्हटलं जातं त्याने पुष्कळदा जन्मात मिरवणुकीत पाऊल टाकलेलं नसतं.

मग हे आकडे आले कुठून?

मूळ शब्द ‘बा ज्या ज्यांग’. ‘बा’ म्हणजे आठ आणि ‘ज्याज्यांग’ म्हणजे देवाच्या पदरी असलेले खास रक्षक, सरदार. मंदारिन भाषेत ‘घर’ या अर्थाचा ‘ज्या’ आणि ‘अधिक’ या अर्थाचा ‘ज्या’ यांचा उच्चार अगदी सारखा आहे. ‘ज्यांग’च्या जवळ जाणारा ‘ज्यू’ म्हणजे नऊ. त्यामुळे ‘आठ सरदार’ बोलता बोलता ‘आठ अधिक नऊ’ होतात, आणि टाइप करायला तर तीनच कळा लागतात.

२०१० नंतरच्या दशकात हा शब्द पीटीटीवर आणि फेसबुकवर पसरला. पीटीटी हा ताइवानमधला जुना चर्चामंच, १९९५ मध्ये राष्ट्रीय ताइवान विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण या शब्दाला बळ मिळालं ते परीक्षा पास होऊन पुढे गेलेल्यांच्या कट्ट्यावर. ज्यांना तो चिकटला, ती मुलं त्या कट्ट्यावर फारशी नव्हतीच.

हे मूळचे ‘आठ सरदार’ कोण?

याचं उत्तर लांबलचक द्यावं लागेल, कारण ते ठाऊक नसेल तर शिवीतला अन्याय लक्षात येत नाही.

परंपरा अशी सांगते की हे सरदार म्हणजे वूफू दादी या पाच देवांचे अंगरक्षक. रोगराई दूर ठेवणारे हे देव चीनमधल्या फूजौ शहराचे. चीनच्या छिंग राजवटीत फूजौहून आलेले सैनिक दक्षिण ताइवानमधल्या ताइनान शहरात तैनात असत. त्यांनी आपले देव सोबत आणले आणि बायलाँग-आन हे देऊळ उभारलं. देवाची पालखी निघाली की तिच्यापुढे वाट मोकळी करायला, भुताखेतांना आणि साथीच्या रोगांना पकडायला हे सरदार चालत. ताइनानहून ही कला ज्यायी शहरात गेली, तिथे ती विशेष रुजली, आणि मग बेटभर पसरली.

नावात आठ असले तरी संख्या आठच नसते. पूर्ण पथक तेरा जणांचं असतं, कुठे दहा, कुठे सहा किंवा चारसुद्धा. त्यांची रचना म्हणजे चालतंफिरतं न्यायालय आहे. सगळ्यात पुढे शीयी असतो. त्याच्या खांद्यावरच्या दांडीला शिक्षेच्या छोट्या छोट्या हत्यारांचा साज लटकलेला असतो आणि त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर तो खळखळत असतो. त्यामागे दोन दूत : एक हुकूम घेणारा, दुसरा तो पोचवणारा. श्ये आणि फान हे आरोपीला पकडतात. गान आणि ल्यू हातातल्या बांबूच्या पट्ट्यांनी शिक्षा करतात. वसंत, ग्रीष्म, शरद आणि शिशिर हे चार ऋतुदेव चौकशी करतात. बऱ्याच पथकांत वसंताच्या हाती लाकडी बादली, ग्रीष्माच्या हाती शेगडी, शरदाच्या हाती गदा आणि शिशिराच्या हाती साप असतो. शेवटी दोन न्यायलेखक : एक जबानी लिहून घेणारा, दुसरा कैद्यावर नजर ठेवणारा.

श्ये आणि फान यांची कथा ताइवानमधल्या लहान पोरालाही ठाऊक असते. दोघे जिवलग मित्र. एकदा पुलाखाली भेटायचं ठरलं. श्ये पाऊस आला म्हणून छत्री आणायला गेला आणि इकडे नदीला पूर आला. फानने शब्द दिला होता, म्हणून तो जागचा हलला नाही, बुडून मेला. परत आलेल्या श्येने ते पाहून गळफास घेतला. म्हणून मिरवणुकीत फान ठेंगणा आणि काळ्या तोंडाचा, तर श्ये उंच, गोरा आणि लांब जीभ बाहेर काढलेला असतो. शब्द पाळण्यासाठी जीव देणारे हे दोघे ज्या पथकाचे मानकरी, त्याच पथकाचं नाव आज ‘बेभरवशाचा पोरगा’ या अर्थाने फेकलं जातं.

तोंड रंगवल्यावर ती मुलं बोलत का नाहीत?

कारण रंग चढला की तो मुलगा त्या वेळेपुरता मुलगा राहत नाही, सरदार होतो.

मिरवणुकीआधी काही दिवस मांसाहार बंद आणि ब्रह्मचर्य, असे नियम जुनी पथकं पाळतात. त्या दिवशी आंघोळ करून मुलगा रंगाऱ्यापुढे बसतो, मान वर, डोळे मिटलेले. आधी पांढरा थर, मग त्यावर काळ्या-लाल-हिरव्या रेषा. कोणत्या सरदाराचा चेहरा कसा, हे प्रत्येक पथकात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि जाणकार माणूस कपाळावरची रेष पाहून पथक ओळखतो. रंग पुरा झाला की देवापुढे उदबत्ती लावून आज्ञा घ्यायची. तिथून पुढे बोलायचं नाही, हसायचं नाही, वाटेल ते खायचं-प्यायचं नाही. थांबायची वेळ आली तर हातातला पिसांचा पंखा तोंडापुढे धरायचा.

मग चाल. सप्तर्षींच्या आकृतीवरून पावलं टाकायची ‘सात ताऱ्यांची चाल’, चार दिशांना वंदन करायची चाल, आठ दिशांची रचना. गुडघे वाकवून, खांदे डोलवत, तासन्‌तास, एप्रिल-मेच्या दमट उन्हात, जाड कपड्यांत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने हे करायचं म्हणजे महिनोन्‌महिने रात्री देवळाच्या अंगणात घाम गाळावा लागतो. ‘ही पोरं बेशिस्त असतात’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरी ती तालीम पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

उत्तर ताइवानमध्ये सुळे लावलेले दिसतात, ते हेच का?

नाही. ते ‘ग्वानज्यांगशौ’, तायपेईजवळच्या शिनज्वांग इथल्या दीझांग देवळातून पुढे आलेली वेगळी परंपरा. सामान्य बघ्याला दोन्ही एकच वाटतात, पण शिवी देणाऱ्याला फरक करायचा नसतोच.

देवाच्या रक्षकांचं नाव शिवी कसं झालं?

हे काही इंटरनेटने एका रात्रीत केलेलं नाही. ताइवानच्या लोकधर्माकडे सत्तेने संशयाने बघण्याला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

१९१५ साली ताइनानच्या शीलाय-आन या देवळातून जपानी राजवटीविरुद्ध उठावाची आखणी झाली. हे देऊळही त्याच रोगनिवारक देवांचं. उठाव चिरडला गेला, आठशेहून अधिक जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली (पुढे बऱ्याच जणांची शिक्षा कमी झाली) आणि ते देऊळ पाडलं गेलं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ताइवानींना ‘सम्राटाची प्रजा’ बनवायची मोहीम निघाली, तेव्हा कितीतरी देवळं बंद झाली किंवा एकमेकांत विलीन केली गेली.

जपानी गेले, क्वोमिंतांग हा चिनी राष्ट्रवादी पक्ष सत्तेवर आला. १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. शाळेत मंदारिनच बोलायची सक्ती होती. घरची ताइवानी भाषा तोंडातून निघाली तर दंड, मार किंवा गळ्यात पाटी. देवळांच्या जत्रा-पंगती म्हणजे उधळपट्टी आणि अंधश्रद्धा, त्या आवरा, असं सरकार सतत सांगत होतं. दोन पिढ्या हे ऐकत वाढल्या : मंदारिन बोलणारा, परीक्षा देणारा, शहरी तो सभ्य आणि ताइवानी बोलणारा, देवळाच्या अंगणात रमणारा तो गावंढळ.

लष्करी कायदा उठता उठता पैसा आला. १९८०च्या दशकात ‘दाज्यालं’ नावाच्या बेकायदा लॉटरीचं वेड लागलं आणि आकडा लागावा म्हणून लोक देवळांत धावले. नवस फेडायच्या मिरवणुका वाढल्या, पथकांची मागणी वाढली, आणि वर्षानुवर्षं तालीम केलेली माणसं तेवढी नव्हती. मग भाड्याने मुलं गोळा करून, दोन पावलं शिकवून, तोंड रंगवून रस्त्यावर उतरवणारी पथकं निघाली. या घाईनेच परंपरेचं सगळ्यात जास्त नुकसान केलं असं माझं मत आहे. त्याच रंगात सिगारेट ओढणारा, भांडणारा मुलगा लोकांनी पाहिला, कॅमेऱ्यांनी टिपला, आणि पुढे तेच चित्र शिवीच्या मागे चिकटलं.

पण गुन्हेगारीशी संबंध आहे ना?

आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. ताइवानमध्ये बारा हजारांहून जास्त नोंदणीकृत देवळं आहेत. त्यांतल्या काहींच्या आसपास टोळ्यांचा वावर आहे. मिरवणुकीत रोख पैसा फिरतो, दांडगी मुलं लागतात, कोण कुणाचं हे विचारायची पद्धत नसते. टोळीला नवी मुलं हेरायला ही जागा सोयीची. दोन पथकं समोरासमोर आली की ‘आमची मिरवणूक मोठी’ यावरून हाणामारी होते, तीही खरी.

शाळेचा प्रश्नही खरा आहे. देवांचे वाढदिवस चांद्र पंचांगाप्रमाणे येतात. माझू या समुद्रदेवीचा जन्मदिवस तिसऱ्या चांद्र महिन्याच्या तेविसाव्या दिवशी. मग तो मंगळवार असो की गुरुवार. त्या महिन्यात मिरवणुका एकामागून एक लागतात आणि पथकातल्या मुलांची शाळा बुडते. आधीच मागे पडलेला मुलगा आणखी मागे पडतो. म्हणूनच शाळा बुडवून आलेल्या मुलांना नाचवू नका असा दबाव प्रशासन देवळांवर आणतं, आणि पोलीस मिरवणुकांत अल्पवयीन मुलांची तपासणी करतात.

मला खटकतं ते पुढचं पाऊल. टोळीत ओढला जाणारा पंधरा वर्षांचा मुलगा हा आधी मोठ्यांनी वापरून घेतलेला मुलगा आहे. शिवी मात्र त्यालाच बसते. मिरवणुकीचा पैसा ज्यांच्या खिशात जातो, त्यांना कुणी ‘८+९’ म्हणत नाही.

‘८+९’ ओळखायचा कसा, असं सांगणारे व्हिडिओ पाहिले. ते खरे असतात का?

त्यांत साचा ठरलेला असतो : काळे घट्ट कपडे, आखूड पँट, छातीवर आडवी लहान बॅग (बहुधा महागड्या ब्रँडची नक्कल), सपाता, पुढे आलेली झुलपं, यामाहाची ‘जिन-जान’ स्कूटर आणि तिचा बदललेला सायलेन्सर. तोंडी सारखा ‘यीची’ हा शब्द, म्हणजे मित्रासाठी जीव टाकायची निष्ठा. मंदारिन बोलताना ताइवानी वळण.

यादी नीट वाचली की कळतं, यातली एकही गोष्ट गुन्हा नाही (सायलेन्सरवर दंड होतो, तेवढाच). स्वस्त कपडे, दक्षिणेकडचा सूर, व्यवसाय शाळेतलं शिक्षण, हातावरच्या कामाची नोकरी. थट्टा वागण्याची चाललीय असं वाटतं, पण चाललेली असते परिस्थितीची.

मुलींसाठी वेगळा शब्द आहे का?

‘८+९ मेई’. मेई म्हणजे धाकटी बहीण, पोरगी. लांब नखं, पापण्या, स्कूटरवर मागे बसलेली, लहान वयात आई झालेली, असं चित्र. मुलींच्या बाबतीत हा शब्द चारित्र्यावर घसरतो, म्हणून तो जास्तच घाण आहे.

याआधी ताइवानमध्ये अशा शिव्या होत्या का?

प्रत्येक पिढीत होत्या. १९५०-६०च्या दशकांत उनाड मुलाला ‘ताइबाओ’ आणि मुलीला ‘ताइमेई’ म्हणत. १९८०च्या दशकात रात्री मोटारसायकलींच्या शर्यती लावणाऱ्यांसाठी ‘ब्याओछ-झू’ आला.

सगळ्यात महत्त्वाचा ‘ताइके’. १९४९ नंतर मुख्य भूमीवरून आलेल्या कुटुंबांची मुलं स्थानिक मुलांना या नावाने चिडवत. ताइवानी बोलणारा, गबाळा, गावठी असा त्याचा रोख. हा शब्द पुढे उलटला. २००५ साली ‘ताइके रॉक’ या नावाने मोठी मैफल झाली, वू बाय यांच्यासारखे लोकप्रिय गायक त्यात उतरले, आणि ‘होय, मी ताइके’ असं तरुण अभिमानाने म्हणू लागले. मात्र तेव्हाही अनेक वयस्कर ताइवानी माणसांना ते आवडलं नव्हतं. ज्यांनी या शब्दाचा मार खाल्ला होता, त्यांना तो टी-शर्टवर पाहून आनंद होईलच असं नाही.

उलट दिशेनेही शिवी आहे. तायपेईच्या घमेंडखोर माणसाला बाकीचे ‘थ्यानलाँग-रन’ म्हणतात. हा शब्द एका जपानी चित्रकथेतल्या (‘मांगा’) उन्मत्त उमरावांवरून घेतला आहे. पण ती शिवी बसली म्हणून कुणाची नोकरी हुकत नाही.

‘८+९’चं ‘ताइके’सारखं होईल का? मुलं स्वतःला असं म्हणवून घेतात का?

आपापसांत, चेष्टेत म्हणतात. विनोदी व्हिडिओ करणारे हा वेश घालून लाखो प्रेक्षक मिळवतात. पण ‘ताइके’ हे मोठ्या जनसमूहाचं नाव होतं, त्याच्यामागे राजकारण उभं राहिलं, भाषेची चळवळ उभी राहिली. ‘८+९’च्या बाजूने बोलायला तसं कुणी नाही. शिवाय इथे अडचण वेगळीच आहे : ज्येष्ठ सरदारांना, रंगाऱ्यांना, पथकप्रमुखांना हा शब्द मिरवायचा नाहीये, त्यांना तो आपल्या देवाच्या नावावरून पुसून टाकायचा आहे. त्यांचं म्हणणं मला पटतं.

आपल्याकडच्या ‘छपरी’सारखंच हे आहे का?

बरंचसं. केसांचा रंग, बाइक, रील, स्वस्त गॉगल यांवरून गरीब घरच्या मुलाला हाणायचं, आणि वर ‘आम्ही फक्त वागण्याला हसतो’ म्हणायचं, हे दोन्हीकडे सारखं. ‘छपरी’चं नातं छप्परबंद या जमातीशी जोडलं जातं, आणि छप्परबंद महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. तिथे एका देवसेवेचं नाव शिवी झालं, इथे एका जमातीचं. फरक असा की ताइवानमध्ये यात जात नाही. वर्ग, भाषा आणि उत्तर-दक्षिण भेद आहे.

हे चित्र बदलायचा प्रयत्न कुणी केला का?

केला, आणि तो चांगल्यापैकी यशस्वी झाला. ताइचुंगच्या ज्यूथ्यान लोककला पथकाने शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांना ढोल आणि मिरवणुकीची कला शिकवली, पण अट घातली की शिक्षणही पुरं करायचं. हे पथक पुढे नाट्यगृहांत आणि परदेशांत गेलं. २००९च्या काऊश्युंग जागतिक क्रीडास्पर्धांच्या उद्‌घाटनाला नजा या बालदेवाचे मोठाले मुखवटे घातलेली मुलं स्कूटरवरून मैदानात आली. ज्या पोशाखाला, ज्या स्कूटरला नाकं मुरडली जात, तेच साऱ्या जगापुढे ताइवानचं रूप म्हणून उभं राहिलं.

तरी त्यानंतरच्या वर्षांतच ‘८+९’ फोफावला. रंगमंचावरच्या मुलाला टाळ्या आणि गल्लीतल्या मुलाला शिवी, अशी वाटणी झाली आहे.

मी ताइवानला चाललोय. हा शब्द वापरला तर चालेल का?

नको. वर्गातले मित्र हसत हसत वापरतील, तुम्हाला शिकवतीलही. पण परक्याच्या तोंडी तो वेगळा ऐकू येतो, आणि समोरच्याचा मामा किंवा भाऊ पथकात असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे. परंपरेबद्दल विचारायचं असेल तर पूर्ण नाव घ्या : बा ज्या ज्यांग. वयस्कर माणसाशी बोलताना तर नक्कीच.

मिरवणूक पाहायची असेल तर काय पाळावं?

पथकाच्या ओळींमधून आडवं जाऊ नका. हे सगळ्यात मोठं पथ्य. रंगलेल्या सरदाराला हात लावू नका, बोलतं करू नका, सेल्फीसाठी थांबवू नका. फटाके भरपूर असतात, लांब बाह्यांचे सुती कपडे आणि मास्क बरा. काही पथकांतल्या सरदारांच्या गळ्यात भोक पाडलेल्या खारट पावांची माळ असते आणि ते ती वाटत जातात. दिला तर दोन्ही हातांनी घ्या आणि खा. तो देवाचा प्रसाद समजला जातो.

शिनज्वांगची मोठी जत्रा पाचव्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी भरते. ज्यायी आणि ताइनानमध्ये तिसऱ्या-चौथ्या चांद्र महिन्यांत पथकं दिसण्याची शक्यता जास्त. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, म्हणून तिकीट काढण्याआधी देवळाच्या कचेरीत किंवा त्यांच्या फेसबुक पानावर मार्ग आणि वेळ पाहून घ्या. मुख्य मिरवणूक बऱ्याचदा संध्याकाळी निघते आणि मध्यरात्र उलटून जाते, तेव्हा परतीच्या शेवटच्या गाडीची वेळही आधीच बघून ठेवा.